वासाचा रकाना

प्रशांत मंगळवारी सकाळी साडेनऊला गेला. मला दुपारी दीडला कळलं. मोबाइल मूल्यांकन केंद्राच्या दारात जमा होता. त्या चार तासांत मी बावीस उत्तरपत्रिका तपासल्या.

यंदा पुन्हा चैत्र आला. आमच्या लांजीच्या आसपासचे मोह पुन्हा गळायला लागले आणि मला पुन्हा बालाघाटला इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासायला बोलावणं आलं. सकाळच्या बसमध्ये खिडकीशी बसलो की शेताच्या बांधाबांधावर बायका वाकलेल्या दिसतात. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन काळी करून ठेवलेली असते, म्हणजे पडलेलं फूल उठून दिसावं. त्या काळ्या जमिनीवर फिकट पिवळी, भरलेली फुलं. बस थांबली की वास आत येतो. बस चालू झाली तरी तो उतरत नाही.

मोहाचा वास कुणाला आवडतो, कुणाला नाही. मला तो लहानपणी आवडायचा. मागच्या वर्षापासून राग येतो. वासाचा राग येणं हा काही शहाणपणा नाही, हे कळतं. कळून उपयोग होत नाही.

प्रशांत माझा भाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. बंगळुरूला पंप बनवणाऱ्या एका कंपनीत होता. लग्न केलं नाही. त्याला एकच नाद होता, आणि त्याबद्दल आमच्या वस्तीत आजही चुकीचं बोललं जातं. त्याला बिअर चाखायचा नाद होता. चाखायचा म्हणतो मी, प्यायचा नाही. रविवारी एक बाटली, तीही पुष्कळदा अर्धी. चाखून झालं की वहीत अर्धं पान. रंग कसा, फेस किती टिकला, वास, चव, घशाखाली गेल्यावर मागे काय राहिलं. शेवटी दोन रकाने, वास आणि चव, प्रत्येकी दहापैकी गुण. त्याच्या मरणाला आलेली माणसं दारात चपला काढता काढता एकमेकांत म्हणत होती, "पीत होता म्हणे." त्याच्या हृदयाची एक वाहिनी बंद झाली होती, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद मी कुणाकुणाला दाखवणार? वही दाखवली असती, तर लोक म्हणाले असते, बघा, लिहूनच ठेवलं आहे.

त्या वहीतला वासाचा रकाना माझा होता.

हे कसं झालं ते सांगायला हवं. आमचं घर बौद्ध. वडिलांनी ऐन तरुणपणी पाचवं शील, म्हणजे नशेचं काही न पिण्याचं, घेतलं आणि मरेपर्यंत पाळलं. त्यांच्यामागे मी पाळलं. प्रशांतनं पाळलं नाही, पण लपवलंही नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका चैत्रात तो सुट्टीवर आला. बनियनमध्ये गुंडाळलेली एक बाटली बॅगेतून काढली आणि संध्याकाळी गच्चीवर बसला. मी पुस्तक घेऊन दूर बसलो होतो. त्यानं ग्लासात चार बोटं ओतली आणि माझ्यापुढे धरला.

"दादा, फक्त वास घे."

"काहून?"

"माह्यं नाक कामाचं नाही. धूळ खाऊन खाऊन बंद झालं. तुह्यं चांगलं हाय. लहानपणी आईनं भाजीत मीठ टाकलं का नाही, हे तू वासावरून सांगे."

"शील आहे माझं."

"वास घेतल्यानं मोडते का? पुस्तकात पाहून सांग."

मी खरोखर पाहिलं. घरात होती नव्हती ती पुस्तकं दोन दिवस चाळली. वासाबद्दल कुठे काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी मी ग्लास हातात घेतला आणि म्हणालो, "भिजलेल्या सागाच्या फळीचा वास येतो." त्यानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. गुण किती, असं विचारलं. मी पाच दिले.

"पाचच?"

"उत्तर बरोबर आहे, पण मुद्दे कमी आहेत."

तो इतका हसला की खालून माझ्या बायकोनं, सुजातानं, आवाज दिला.

तेव्हापासून प्रत्येक चैत्रात आणि प्रत्येक दिवाळीत तो यायचा तेव्हा बॅगेत दोन बाटल्या असायच्या. एरवीच्या पानांवर दोन्ही रकाने त्याचेच असत, पण लांजीला चाखलेल्या पानांवर वास माझा आणि चव त्याची. त्याचे शब्द इंग्रजी पुस्तकांतून आलेले. कॅरमेल, व्हॅनिला, टॉफी, ओक. माझे असे: गुळाची काकवी, जुन्या पुस्तकांचं कपाट, पहिल्या दिवशी उघडलेलं कंपासपेटीचं झाकण, पाण्यात विझवलेलं लाकूड. एकदा मी विचारलं, "ओक पाह्यला का तू कधी?" तो म्हणाला, "झाड नाही पाह्यलं. वास पाह्यला. तुनंच तर दाखवला."

गुणांवरून त्याची कायम तक्रार. मी साडेसहाच्या वर कधी गेलो नाही. "शाळेतल्या पोरायची कीव येते मले," तो म्हणायचा. "दादाचे साडेसहा म्हणजे मेरिट." तो स्वतः आठ, साडेआठ, कधी नऊ द्यायचा. चव घेताना डोळे मिटायचा. काय दिसतं, असं विचारलं तर म्हणायचा, "दिसत काही नाही. डोये मिटले की चव मोठी होते."

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात त्यानं आणलेली बाटली मात्र त्यानं उघडू दिली नाही. कामासाठी अमेरिकेला गेला होता, तिथून आणलेली. लहानशी, काळी, जड, तोंडावर काळं मेण ओतून बंद केलेली. तिच्याबद्दल तो गच्चीवर बराच वेळ बोलला. त्या देशात मक्याची दारू ठेवायला ओकचे पिपे करतात, ते आतून जाळतात, पार कोळसा होईपर्यंत. त्या दारूला बर्बन म्हणतात. एका पिप्यात ती एकदाच मुरवायची, पुन्हा नाही, असा तिथला कायदा. मग रिकामा पीपा बिअरवाले विकत घेतात आणि त्यात आपली सगळ्यात तेज एल भरून वर्षभर ठेवतात. एल म्हणजे बिअरचाच एक प्रकार. लाकडानं पिऊन ठेवलेली दारू ती एल हळूहळू परत ओढून घेते.

"म्हणजे उष्टी," मी म्हणालो.

"उष्टीच. पण साध्या बिअरच्या दुपटीहून तेज. ही अजून कच्ची हाय दादा. दोन वर्षं मुरू दे, लोणच्यासारखी. वहिनी, उभी ठेवजो, आडवी नको. अन् गर्मीत नको."

सुजातानं ती जुन्या टॉवेलात गुंडाळून धानाच्या कोठीमागे, सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवली. त्यानं वहीचं अगदी शेवटचं पान उघडून त्यावर तिचं नाव लिहून टाकलं, खाली दोन रकाने आखले आणि वही मिटली. पुढची दिवाळी आली, तो आला, बाटलीकडे बघून परत गेला. त्यापुढच्या चैत्रात तो यायचा होता. आठ दिवस आधी गेला. वही त्याच्या सामानाच्या दोन खोक्यांतून आली.

मूल्यांकन केंद्रावर पहिल्या दिवशी सूचना वाचून दाखवतात. त्यातली एक अशी की, कोणतीही जागा कोरी सोडायची नाही. उत्तर लिहिलं असेल तर गुण, चुकलं असेल तर शून्य, लिहिलंच नसेल तर तशी खूण. कोरी जागा म्हणजे तपासणाऱ्याची चूक. पंचवीस वर्षं मी ही सूचना ऐकतो आहे. यंदा ती ऐकताना मला त्या पानावरचे दोन रकाने दिसत होते. त्यातला एक तर सरळ माझाच होता, आणि दोन वर्षं मुरवायचा शब्द यंदा पुरा होत होता. ते पान भरायचं, एवढंच एक काम माझ्या हातात उरलं होतं. उरलेलं सगळं झालं होतं किंवा होऊ शकणार नव्हतं.

प्रशांतच्या पहिल्या स्मृतिदिनाची वंदना सगळ्यांना जमावं म्हणून शनिवारी घरी झाली, खीर-पुरी झाली, माणसं जेवून गेली. बाटली दुसऱ्या दिवशी, रविवारी उघडायची असं मी ठरवलं होतं. बेतही पक्का होता. वास मी घेणार, चव मरावीकाकांना विचारणार. मरावीकाका आमचे मागचे शेजारी. वनरक्षक होते, आता निवृत्त. जातीनं गोंड. मोहाची दारू त्यांच्या घरी सणावाराला निघते आणि तिच्याबद्दल त्यांचं मत आसपासच्या चार गावांत मानलं जातं. म्हणजे दोन्ही रकाने भरतील आणि माझं शीलही राहील.

"घरात नको," सुजाता म्हणाली. "कालच वंदना झाली. बुद्धाच्या फोटोसमोर नको."

"गच्चीवर?"

"गच्ची घरातच येते ना. काकायच्या आंगनात बसा. तसंही तोंड त्यायलेच लावायचं हाय."

मला ते पटलं. इथेच चूक झाली, आणि ती माझीच. पंचवीस वर्षं कागदावरच्या चुका हुडकून काढणाऱ्या माणसाला एवढी साधी गोष्ट सुचली नाही.

बाटली मी ओल्या फडक्यात गुंडाळून दुपारभर बादलीत ठेवली होती. वहीत पहिल्याच पानावर लिहिलं आहे, तेज बिअर बर्फासारखी गार नको, माठातल्या पाण्याइतकी हवी. पाचच्या सुमारास बाटली, वही, पेन आणि पाहुण्यांच्या सेटमधला काचेचा एक ग्लास घेऊन कुंपणाच्या फाटकातून पलीकडे गेलो. काका खाटेवर बसले होते. त्यांच्या बायकोनं, सुकवारोबाईंनी, अंगणातल्या चुलीवर भात ठेवला होता.

"या गुरुजी. आज त शाळाच घेऊन आले, वही-पेन."

मी सगळं समजावून सांगितलं. काकांनी बाटली हातात घेऊन उलटीपालटी केली. "एवढीशी? प्रशांतभाऊ एवढ्या दुरून एवढीशीच आणत होता?"

मेण निघेना. सुरीनं खरवडलं तर तुकडे पडत होते, खालचं झाकण दिसत नव्हतं. बोट कापलं. सुकवारोबाईंनी चुलीतली एक जळती काडी आणून बाटलीच्या तोंडाभोवती फिरवली. मेण ओघळलं आणि त्याचा वास आला. नाकात आधी तोच शिरला. मग चमच्याच्या दांड्यानं झाकण उडालं. ग्लासात ओतली तेव्हा ती जवळजवळ काळी दिसली, कडेला लालसर. फेस तपकिरी आला आणि बसला.

मी ग्लास उचलायच्या आत काकांनी त्यात बोटं बुडवली आणि तीन थेंब जमिनीवर शिंपडले. "ने गा प्रशांतभाऊ. तुह्यीच हाय." त्यांच्यात पहिले थेंब गेलेल्या माणसाचे असतात. आमच्यात तसं काही नाही. आम्ही मेल्यामागे काही मानत नाही. मी थांबवणार होतो, पण ते होऊन गेलं होतं आणि जमिनीवर तीन काळे ठिपके दिसत होते. मग त्यांनी चमचाभर घेऊन चुलीत फेकली. मोहाची पहिल्या धारेची चांगली दारू असली की भडका उडतो, त्यावरून तिची ताकद कळते. इथे नुसतं सूं झालं आणि एक लाकूड विझलं.

"जलती नहीं," काका म्हणाले. "गुरुजी, हे त पानी हाय."

"पानी नाही काका. बिअर आहे. तिची अशी परीक्षा घेत नाहीत."

"मंग कशी घेतात?"

मी ग्लास उचलला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मोह. दुसरं काहीच नाही. गोड, जड, थोडा आंबूस मोह. पुन्हा नेला. मोह. तेव्हा डोळे उघडून मी आजूबाजूला पाहिलं. खाटेच्या तिन्ही बाजूंना, चटयांवर, पोत्यांवर, जुन्या साडीवर, दहा दिवसांची मोहफुलं वाळत पसरली होती. खालची मनुकांसारखी तपकिरी झालेली, वरची आज सकाळची, अजून ओली.

"काय झालं?" सुकवारोबाईंनी विचारलं.

"वास येत नाही. म्हणजे येतो, पण फुलांचाच येतो."

"माहीत असतं त सकाळीच उचलली असती, गुरुजी. थांबा, उचलते."

मी नको म्हणालो, पण त्या उठल्याच. एकट्या बाईला चटया ओढताना बघत बसवेना म्हणून मीही उठलो आणि ओंजळी भरभरून फुलं टोपल्यांत टाकायला लागलो. अंगण रिकामं झालं. टोपल्या घरात गेल्या. मी परत येऊन ग्लास उचलला. आता माझ्या दोन्ही हातांना मोहाचा वास होता. हात धुतले. साबण लावला. मग साबणाचा आणि त्याखाली मोहाचा. ग्लासावर वही झाकून मी कुंपणाबाहेर रस्त्यावर गेलो, पार पाण्याच्या टाकीपर्यंत. तिथे तीन मोह उभे आहेत, हे मला काय माहीत नव्हतं? त्या रस्त्यानं मी रोज बसला जातो. एक ओळखीचा पोस्टमन सायकलवरून उतरला आणि हातातल्या ग्लासाकडे बघत म्हणाला, "गुरुजी, काढा घेऊन राह्यले का?" मी हौ म्हणालो.

एका चैत्रात आम्ही दोघं आईबरोबर फुलं वेचायला गेलो होतो. प्रशांत सहा-सात वर्षांचा असेल. मी टोपलीत टाकत होतो, तो तोंडात टाकत होता. घरी येताना त्याची पावलं वाकडी पडायला लागली आणि तो रस्त्यात बसून हसत सुटला. आईनं त्याला काखोटीला मारलं आणि मला मारलं. लहान्याकडे लक्ष ठेवायचं काम माझं होतं. हे सगळं मला टाकीजवळ उभं असताना आठवलं आणि त्याचाही राग आला. मला आठवण नको होती. मला त्या ग्लासातला वास हवा होता. पीपा, कोळसा, ओक, काय असेल ते. प्रशांतनं दोन वर्षं राखून ठेवलेली एक गोष्ट माझ्या नाकासमोर होती आणि मधे हा मोह उभा होता. की तो वास ग्लासातूनच येत होता? वाळलेल्या मोहाची आणि मनुकांची जात एकच. वहीत अशा एलबद्दल 'मनुका' हा शब्द चार वेळा आला आहे. मला सांगता येईना. तेव्हाही आलं नाही, आताही येत नाही. पावसाळ्यापर्यंत थांबलो असतो तर आलं असतं. बाटली एकच होती.

परत आलो तेव्हा फेस गेला होता आणि ग्लास कोमट झाला होता. काकांनी त्यातला मोठा घोट घेतला आणि थोडा वेळ तोंडात धरला.

"गोड हाय. मागून कडू हाय. वाईट नाही."

"दहापैकी किती?"

"दारूले नंबर कायचे, गुरुजी? लेकरू हाय का ते, पास-नापास व्हायले?"

"काका, तो रकाना भरायचा आहे. प्रशांतचा आहे तो."

"मंग त्याचा मी काहून भरू?" त्यांनी ग्लास माझ्याकडे सरकवला. आवाज चढवला नाही. "भाऊ तुमचा होता का माझा?"

सुकवारोबाई चुलीतलं विझलेलं लाकूड पुन्हा पेटवत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

मी ग्लास घेतला आणि प्यायलो. आयुष्यात पहिल्यांदा, छप्पन्नाव्या वर्षी, मरावीकाकांच्या खाटेवर बसून. आधी करपलेल्या भाकरीच्या कडेची चव आली, मग काकवीची. मग लहानपणी चावलेल्या पेन्सिलीच्या लाकडाची. मग छातीतून खाली काहीतरी गरम उतरत गेलं. डोळे मिटले. चव मोठी झाली नाही. प्रशांतला त्यात काय सापडलं असतं ते मी शोधत होतो आणि मला माझीच जीभ तेवढी सापडत होती. दुसरा घोट घेतला. तिसरा घेतला नाही.

"कशी हाय?" काकांनी विचारलं.

"बरी आहे," मी म्हणालो. "मुद्दे कमी आहेत."

ते हसले. त्यांना तो विनोद माहीत नव्हता, तरी हसले. उरलेली त्यांनी संपवली.

घरी आलो तेव्हा सुजाता दारातच होती. माझ्या तोंडाचा वास आला तशी ती एक पाऊल मागे सरकली. मग म्हणाली, "वर्षभर त्या बाटलीवरची धूळ मी पुसून राह्यली. मले सांगा, किती दिले?"

"चवीला साडेसहा."

"त्याले कमी वाटले असते."

"त्याले नेहमीच कमी वाटत."

"अन् वासाले?"

मी वही टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेलो.

सोमवारी सकाळी बसनं बालाघाटला गेलो. मोबाइल दारात जमा केला. साडेनऊ वाजता मी एक उत्तरपत्रिका तपासत होतो. दहाव्या पानावर एक प्रश्न मुलानं सोडून दिला होता. त्यासमोर मी नियमाप्रमाणे खूण केली. मागच्या वर्षीच्या बावीस उत्तरपत्रिका कुणाच्या होत्या, मी त्यांना काय दिलं, त्यातलं एकही उत्तर, एकही आकडा मला आठवत नाही. त्या मुलांनी कधी फेरतपासणी मागितली असती तर मी काय सांगितलं असतं, माहीत नाही.

मोह अजून आठ-दहा दिवस गळेल. सुकवारोबाईंनी फुलं पुन्हा अंगणात पसरली आहेत. बाटली सुजातानं धुऊन कोठीमागे, होती त्याच जागी उभी ठेवली आहे. वहीच्या शेवटच्या पानावर चवीच्या रकान्यात माझ्या अक्षरात साडेसहा लिहिले आहेत. वासाचा रकाना कोरा आहे.